वर्गणीदार, शासन आणि पालक : बॉम्बे एज्युकेशन सोसायटी व देवळालीची बार्न्स शाळा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने धर्मप्रसार, मुद्रण आणि स्त्रीशिक्षण या विषयांवर केंद्रित झालेले दिसते. शाळा चालविणारे मंडळ कसे अस्तित्वात आले, वर्षाचा खर्च कोणत्या मार्गाने भागविला जात होता आणि पैसा देणाऱ्याचा प्रवेशावर कितपत अधिकार होता, हे प्रश्न त्यामानाने मागे पडले. निवासी शाळेच्या बाबतीत ते विशेष महत्त्वाचे ठरतात. तेथे शिक्षकाच्या वेतनाबरोबरच मुलाचे अन्न, वस्त्र, निवास व औषधपाणी यांचा भारही मंडळावर असतो. पैशाची वाट बदलली की मूलही बदलते. प्रस्तुत लेखात बॉम्बे एज्युकेशन सोसायटी आणि तिने देवळाली येथे चालविलेली बार्न्स शाळा यांच्या आधारे या संबंधाचा विचार केला आहे.

धर्मादाय शाळेपासून सोसायटीपर्यंत

मुंबईच्या किल्ल्यातील सेंट थॉमस चर्चची उभारणी ईस्ट इंडिया कंपनीचे धर्मोपदेशक रिचर्ड कॉब यांच्या पुढाकाराने झाली आणि १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. त्याच सुमारास कॉब यांनी चर्चनजीक एक लहानशी धर्मादाय शाळा सुरू केली. बारा गरीब मुले आणि एक शिक्षक एवढाच तिचा पसारा होता. मुलांना तेथेच ठेवून जेवू घातले जाई, कपडे दिले जात व शिकविले जाई. शाळेचा आधार लोकवर्गणी हा होता. अशा वर्गणीला एक जन्मजात मर्यादा असते. कंपनीचे व्यापारी व अधिकारी काही वर्षांनी मायदेशी परतत किंवा येथल्या हवेला बळी पडत. त्यामुळे वर्गणीदारांची यादी सतत विरळ होत जाई. अखेरीस १८०७ मध्ये या शाळेच्या खर्चाची जबाबदारी कंपनीने स्वीकारली.

१८१३ च्या सनदी कायद्यानुसार कलकत्त्यास बिशप आणि तीनही इलाख्यांत आर्चडीकन नेमण्याची तरतूद झाली. मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी २९ जानेवारी १८१५ रोजी सेंट थॉमस चर्चमध्ये सभा भरवून मुंबई इलाख्यातील गरिबांच्या शिक्षणासाठी एक सोसायटी स्थापन केली. हीच पुढे बॉम्बे एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. जुनी धर्मादाय शाळा तिच्याकडे आली. येथील ‘गरीब’ या शब्दाचा अर्थ त्या काळच्या संदर्भातच घेतला पाहिजे. तो प्रामुख्याने युरोपीय सैनिकांच्या, त्यातही पोरक्या झालेल्या आणि मिश्र वंशाच्या मुलांना उद्देशून होता. शिक्षण इंग्लंडच्या चर्चच्या तत्त्वांनुसार द्यावयाचे होते.

संस्थेची रचना त्या काळच्या इंग्रजी धर्मादाय संस्थांच्या धर्तीची होती. वर्गणीदार हे सभासद, त्यांची वार्षिक सभा, तिला जबाबदार असणारी व्यवस्थापक समिती, आणि सर्वांच्या वर आश्रयदाते म्हणून इलाख्याचे सत्ताधारी. शिकविण्याची पद्धतही वर्गणीच्या मानाने बेतलेली होती. डॉ. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथालयात रूढ केलेल्या पद्धतीनुसार मोठी मुले लहान मुलांना शिकवीत, त्यामुळे थोड्या शिक्षकांत अनेक मुलांची सोय होई. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत या पद्धतीची चर्चा अध्यापनतंत्र म्हणून होते. कोषाध्यक्षाच्या दृष्टीने मात्र ती काटकसरीची योजना होती, आणि तिच्या प्रसाराचे श्रेय बरेचसे या दुसऱ्या गुणाकडे जाते.

सोसायटीने लवकरच मुंबईत एतद्देशीय मुलांसाठीही शाळा काढल्या आणि तेथे विश्वस्तत्वाचा पहिला पेच उभा राहिला. चर्चच्या तत्त्वांनुसार शिक्षण देण्यासाठी जमविलेला निधी, ज्या शाळांत ख्रिस्ती धर्मशिक्षण द्यावयाचे नाही अशा शाळांवर खर्च करता येईल काय? १८२० मध्ये या कामासाठी वेगळी समिती नेमण्यात आली आणि १८२२ मध्ये ते काम एका स्वतंत्र संस्थेकडे गेले. १८२७ मध्ये तिचे नाव बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाले. सदाशिव काशिनाथ छत्रे, जगन्नाथ शंकरशेट व बाळशास्त्री जांभेकर यांच्या कार्यामुळे मराठी वाचकास ही दुसरी संस्था सुपरिचित आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचा उगमही तिच्यापर्यंत नेता येतो. या विभक्तीकरणाचे श्रेय सहसा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या उदार धोरणास दिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि निधीच्या मूळ हेतूशी बांधील राहण्याची विश्वस्तांची गरज हेही त्यामागील एक कारण मानावे लागते.

सरकारी अनुदान आणि देवळालीचे स्थलांतर

मूळ सोसायटीच्या शाळा भायखळ्यास गेल्या व तेथेच वाढल्या. १८५४ च्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य झाले. १८६० मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी युरोपीय व युरेशियन मुलांच्या शिक्षणाविषयी स्वतंत्र टिपण लिहून, लोकवर्गणीइतकीच रक्कम सरकारने द्यावी असा मार्ग सुचविला. या वर्गाची उपेक्षा झाल्यास तो राज्यास उपद्रवकारक ठरेल, असे त्यांचे मत होते. दयेच्या जागी राजकीय हिशेब आला, असे म्हणता येईल. यापुढे संचालक मंडळास वर्गणीदारांबरोबर शिक्षण खात्यालाही उत्तर द्यावे लागू लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी भायखळा गिरण्यांनी व दाट वस्तीने वेढले गेले होते. निवासी विभाग नाशिकजवळील देवळाली येथे हलविण्याचे ठरले. १९२३ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या हस्ते नव्या शाळेची कोनशिला बसविण्यात आली आणि २९ जानेवारी १९२५ रोजी, सोसायटीच्या स्थापनादिनीच, सर लेस्ली विल्सन यांनी तिचे उद्घाटन केले. संस्थापकाच्या नावावरून तिला बार्न्स हे नाव मिळाले. भायखळ्यास ख्राइस्ट चर्च ही दिवसाची शाळा राहिली.

या शाळांचे अनुदान १९३५ च्या कायद्याने सुरक्षित केले. १९३३ पर्यंतच्या दहा वर्षांतील सरासरीपेक्षा ते कमी करावयाचे असल्यास प्रांतिक विधानसभेचे तीन-चतुर्थांश बहुमत आवश्यक होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३७ ने हे संरक्षण मर्यादित स्वरूपात पुढे चालविले. पहिली तीन आर्थिक वर्षे ३१ मार्च १९४८ रोजी संपलेल्या वर्षाइतके अनुदान, त्यानंतर दर तीन वर्षांनी दहा टक्के घट करण्याची मुभा आणि दहा वर्षांनी समाप्ती. शिवाय एक अट होती. वार्षिक प्रवेशांपैकी किमान चाळीस टक्के जागा अन्य समाजांतील मुलांना उपलब्ध करून दिल्याखेरीज कोणत्याही शाळेला हे अनुदान मिळणार नव्हते. एका समाजासाठी काढलेल्या शाळेला सर्वांसाठी दार उघडावयास सांगणारी ही तरतूद होती.

१९५४ चा खटला

६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई राज्य शासनाने आदेश काढला. इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज कोणाही विद्यार्थ्यास प्रवेश देऊ नये, असा त्याचा आशय होता. अनुदानात पहिली घट करण्याची मुभा शासनास १९५३-५४ या वर्षापासून मिळाली होती. आदेश त्याच आर्थिक वर्षात निघाला.

बार्न्स शाळेच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांवरून कळते. डिसेंबर १९५३ मध्ये शाळेत ४१५ विद्यार्थी होते. त्यांपैकी २१२ अँग्लो-इंडियन आणि २०३ अन्य समाजांतील. म्हणजे सैनिकांच्या पोरक्या मुलांसाठी निघालेल्या शाळेतील जवळजवळ निम्मी मुले ‘बाहेरची’ होती. आदेशाने त्या मुलांना काढून टाकावयाचे नव्हते. परंतु त्यांच्यानंतर येणाऱ्यांना मज्जाव होता. निवासी शाळेचे स्वयंपाकघर, वसतिगृहे व शिक्षकवर्ग चारशे मुलांच्या मानाने उभा असताना दोनशे मुलांच्या शुल्कावर तो चालविणे शक्य नव्हते. त्यातच चाळीस टक्क्यांची अट पाळता न आल्यास उरलेसुरले अनुदानही धोक्यात येणार होते.

सोसायटी उच्च न्यायालयात गेली. प्रवेश नाकारले गेलेले दोन पालकही, एक भारतीय ख्रिस्ती व दुसरे गुजराती हिंदू, दाद मागण्यास आले. मुख्य न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती दीक्षित यांनी आदेशाविरुद्ध निर्णय दिला. शासनाच्या अपिलात शाळेच्या बाजूने फ्रँक अँथनी व नानी पालखीवाला उभे राहिले. राष्ट्रभाषेचा प्रसार हा आदेशाचा हेतू असून प्रवेश केवळ भाषेच्या कारणाने नाकारलेला नाही, तसेच अनुच्छेद २९(२) चे संरक्षण अल्पसंख्याकांपुरतेच आहे, असे युक्तिवाद शासनाने केले. २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अमान्य केले. न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी लिहिलेल्या निकालानुसार हेतू स्तुत्य असला तरी नकाराचे प्रत्यक्ष कारण भाषा हेच होते. आणि ते संरक्षण प्रत्येक नागरिकाला आहे. शिवाय ज्या अटीवर अनुदान मिळते तीच पाळू न देणे हा अनुच्छेद ३३७ चा भंग ठरतो.

अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या चर्चेत या निकालाचा उल्लेख वारंवार येतो. पण येथे संस्था परक्यांना दूर ठेवण्याचा हक्क मागत नव्हती. त्यांना आत घेण्याचा मागत होती. त्यामागे केवळ औदार्य नव्हते, तसा केवळ स्वार्थही नव्हता. शुल्क देणाऱ्या मुलांमुळेच शुल्क देऊ न शकणाऱ्या मुलाचा वसतिगृहातील पलंग टिकत होता.

१९६० मध्ये घटनात्मक अनुदान संपले आणि त्याबरोबर चाळीस टक्क्यांची अटही. मात्र गरीब मुलांसाठी किती जागा राखाव्यात याविषयीची अट त्या अनुच्छेदात कधीच नव्हती; ती बाब आरंभापासून संचालकांच्या विवेकावर सोडलेली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या, परंतु २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवला.