पेशवे दफ्तर : उपयोगाचा कागद कोणता?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पुण्याच्या दफ्तरातील बातमीपत्रांचे कामच संपले. दिल्लीहून हिंगण्यांसारखे वकील वार्ता धाडीत : कोणत्या सरदाराचा मुक्काम कोठे, बादशहाचा कल कोणाकडे. तिचे मोल मुळातच काही दिवसांचे. पुढचा जासूद आला की मागचे पत्र शिळे. तरीही कारकुनांनी ते फेकले नाही, रुमालात बांधून ठेवले.

इंग्रजांनी हे रुमाल जपले, पण इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. इनाम कोणाचे, वतन खरे की खोटे, एवढाच त्यांचा प्रश्न. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि जमिनीच्या कागदांचा भाव एकाएकी वधारला. बातमीपत्रे तगली ती त्यांच्या सोबतीने.

१९०० मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवर निबंध वाचला. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या या नोंदींत रानड्यांना लढायांपेक्षा राज्यकारभार, करपद्धती आणि समाजस्थिती अधिक मोलाची वाटली. त्या काळी हा दृष्टिकोन विरळाच होता.

पुढे जदुनाथ सरकारांच्या आग्रहामुळे दफ्तर संशोधनासाठी उघडले आणि बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले रियासतकार गो. स. सरदेसाई तेथे बसले. मोडीतील लक्षावधी कागद, हाताशी मोजके साहाय्यक आणि वय पासष्टीच्या घरात! १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्यांत मुख्य भर राजकीय पत्रव्यवहारावर होता. शिळी ठरलेली बातमीपत्रे आता इतिहासाची अव्वल साधने झाली होती. हिशेबाचे ढीग मात्र बहुतांशी रुमालातच राहिले. यासाठी सरदेसायांना बोल लावणे अन्यायाचे होईल. त्यांच्या पिढीचा प्रश्न राज्य कसे वाढले आणि का बुडाले, हा होता.

प्रश्न बदलले तसे त्या ढिगांचेही दिवस पालटले. धान्याचे भाव, मजुरी, गावचा वसूल यांचा माग अभ्यासक जमाखर्चातून काढू लागले. जपानचे हिरोशी फुकाझावा यांनी पेशवेकालीन मराठी कागद वाचून बलुतेदारीचा उलगडा केला : सुतार, लोहार, कुंभार हे एकेका कुटुंबाचे नव्हे, तर अवघ्या गावाचे चाकर होते आणि सुगीच्या धान्यातील त्यांचा वाटा हा वतनी हक्क होता. ज्या कारकुनाने अशा वाट्याच्या तंट्याची नोंद केली, त्याला त्या दिवशी केवळ तंटा मिटवायचा होता.