'रॉजर' म्हणजे 'हो' नव्हे

अनंत चतुर्दशीची मिरवणूक. दोरी धरलेल्या कार्यकर्त्याच्या हातातला वॉकीटॉकी खरखरतो, "गाडी थांबवा, पुढचं मंडळ अडकलंय." कार्यकर्ता बटण दाबून ऐटीत म्हणतो, "रॉजर!" आणि गाडी चालतच राहते. मंडळाचे अध्यक्ष चिडतात. पण शब्दार्थाच्या बाजूने पाहिलं तर कार्यकर्ता निर्दोष आहे. 'रॉजर'चा अर्थ 'थांबवतो' असा नाही. तो 'हो'ही नाही आणि 'समजलं'ही नाही. 'तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं', एवढीच ती पावती.

या शब्दाचं कूळ तारायंत्रातलं. मोर्सच्या कडकट्टात 'निरोप मिळाला' हे सांगायला 'रिसीव्हड'मधलं पहिलं अक्षर, म्हणजे इंग्रजी 'आर', धाडत. पुढे रेडिओवर तोंडाने बोलणं सुरू झालं आणि नवी पंचाईत उभी राहिली: खरखरीत इंग्रजीची 'बी', 'डी', 'पी', 'टी' ही अक्षरं सारखीच वाटतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एकेक नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या वर्णमालेत 'ए'साठी एबल, 'बी'साठी बेकर आणि 'आर'साठी रॉजर होता. तेव्हा 'निरोप पोचला' हे सांगायला वैमानिक 'रॉजर' म्हणू लागले.

1 मार्च 1956 रोजी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची आजची वर्णमाला लागू झाली: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. त्यात 'आर'चा रोमिओ झाला. रॉजरचं घर गेलं, पण तो स्वतः गेला नाही. वर्णमालेतून बेदखल झाला तरी पावतीचा शब्द म्हणून जगभरच्या विमानांत राहिला.

विमान आणि जमीन यांच्यातलं बोलणं सुरुवातीला तोंडी नव्हतंच. 1929 साली अमेरिकेतल्या सेंट लुईस विमानतळावर आर्ची लीग नावाचा माणूस हातगाडीत खुर्ची, छत्री आणि निशाणं घालून धावपट्टीच्या टोकाशी जाऊन बसे. चौकटीचं निशाण म्हणजे जा, लाल म्हणजे थांब. निशाणाला उच्चार नसतो, त्यामुळे उच्चाराचा घोटाळाही नसतो. पण दोन निशाणांत माणूस दोनच गोष्टी सांगू शकतो. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर मात्र तेव्हा रेडिओ बोलता झालेला होता. तिथले रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांच्यापुढे प्रश्न आला, की संकटात सापडलेल्या वैमानिकाने ओरडायचं तरी काय? 'एसओएस'मधला 'एस' टेलिफोनसारख्या आवाजात नीट कळत नसे. क्रॉयडनची बरीचशी ये-जा पॅरिसजवळच्या ल बूर्जेशी होती. मॉकफर्ड यांनी 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या वळणावर 'मेडे' घडवला. दोन्ही देशांच्या कानांना कळेल असा शब्द मुद्दाम तयार करायचा, ही युक्ती तेव्हापासूनची.

या भाषेतली बरीच रूपं अशी कानाला धरून घडली आहेत. 'नाइन' आणि 'फाइव्ह' यांची गल्लत होते, म्हणून 'नाइनर' आणि 'फाइफ'. 'अफर्मेटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' यांची शेपटं सारखी. आवाजाची सुरुवात कापली गेली तर होकाराचा नकार व्हायचा, म्हणून होकार 'अफर्म' एवढाच उरला.

पण शब्द नीट ऐकू आला, तरी तो नीट कळला याची हमी काय? याचं उत्तर रेडिओच्या आधीचं आहे. जहाजावर कप्तानाने हुकूम दिला, की सुकाणूवरचा माणूस तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो आणि मग चाक फिरवतो. अमेरिकेतल्या रेल्वेमध्ये तारेने आलेला गाडीचा हुकूम स्टेशनवरच्या तारबाबूने शब्दशः परत पाठवायचा, असा दंडक होता. आपल्याकडेही इंजिनात चालक आणि सहायक चालक सिग्नलचा रंग एकमेकांना पुकारून सांगतात. विमानवाहतुकीने हीच रीत उचलली आणि तिला 'रीडबॅक' म्हटलं. मुंबईच्या मनोऱ्यातून धावपट्टी 27 वर उतरायची परवानगी आली, की वैमानिक धावपट्टीच्या आकड्यासकट आणि स्वतःच्या विमानाच्या नावासकट ती परत म्हणून दाखवतो. तिथे नुसतं 'रॉजर' चालत नाही. रॉजरच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतच ही मनाई लिहिली आहे: जिथे निरोप परत म्हणून दाखवायचा किंवा हो-नाही असं थेट उत्तर द्यायचं, तिथे हा शब्द वापरू नये.

ही मनाई का, ते विमानवाहतुकीच्या सर्वांत मोठ्या अपघातात दिसतं. 27 मार्च 1977, कॅनरी बेटांतलं टेनेरिफ. दाट धुक्यात डच जंबोच्या सहवैमानिकाने मार्गाची परवानगी परत म्हणून दाखवली आणि शेवटी 'आम्ही आता टेकऑफवर आहोत' अशा अर्थाचं काहीतरी जोडलं. नियंत्रकाला वाटलं, विमान टेकऑफच्या जागी उभं आहे. तो म्हणाला, "ओके." पुढे 'थांबा, मी सांगतो' असंही म्हणाला, पण त्याच क्षणी समोरून येणारं अमेरिकी विमान बोललं आणि दोन आवाज एकमेकांत मिसळून शिट्टी उमटली. दोन्ही विमानं धावपट्टीवर आदळली, 583 माणसं गेली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं.

उतरतानाचा घोटाळा याहून बारीक असतो. 19 फेब्रुवारी 1989 रोजी सिंगापूरहून निघालेलं एक मालवाहू जंबो क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे येत होतं. नियंत्रकाने खाली यायला सांगितलं, "टू फोर झिरो झिरो." त्याला म्हणायचं होतं 2,400 फूट. इंग्रजीत 'दोन' आणि 'पर्यंत' या दोन्हींचा उच्चार 'टू'. कॉकपिटमध्ये ऐकू आलं: 'फोर झिरो झिरोपर्यंत', म्हणजे 400 फूट. मराठीत 'दोन हजार चारशेपर्यंत' म्हटलं असतं तर या दोघांची गाठच पडली नसती. वैमानिकाने नियमाप्रमाणे निरोप परतही म्हणून दाखवला: "ओके, फोर झिरो झिरो." चूक उघड्यावर आली होती. मनोऱ्यातून कुणी ती धरली नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चौघेही गेले.

अकरा महिन्यांनी, 25 जानेवारी 1990 रोजी, न्यूयॉर्कमध्ये उलटं घडलं. तिथे शब्द सगळे ऐकू आले, पण ठरलेला शब्द उच्चारलाच गेला नाही. कोलंबियाहून आलेलं आव्हियांका कंपनीचं बोइंग 707 खराब हवेमुळे सव्वा तासाहून अधिक वेळ आकाशात घिरट्या घालत होतं. उतरायचा पहिला प्रयत्न फसला. कप्तानाने स्पॅनिशमध्ये बजावलं, आणीबाणी आहे म्हणून सांग. सहवैमानिक इंग्रजीत आधी नव्या उंचीचा आकडा म्हणाला आणि मग, 'आमचं इंधन संपत आलंय, सर.' नियंत्रकाने 'ओके' म्हणून पुढची दिशा दिली. इंधन सगळ्यांचंच कमी होत असतं. 'मेडे' किंवा 'इमर्जन्सी' या शब्दाशिवाय त्याच्या लेखी ते रांगेतलंच एक विमान होतं. लाँग आयलंडवर विमान कोसळलं, 158 पैकी 73 जण मेले. आग मात्र लागली नाही, कारण टाक्यांत जळण्याजोगं काही उरलंच नव्हतं. आज या प्रसंगासाठी 'मेडे, मेडे, मेडे, फ्युएल' अशी नेमकी हाक ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत ती 2012 साली आली.

आपल्याकडची जखम चरखी दादरीची. 12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी कझाकस्तानचं विमान दिल्लीत उतरायला येत होतं, सौदी जंबो दिल्लीहून निघालं होतं. कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबायचं होतं, सौदी विमान 14,000 वर होतं. समोरून विमान येतंय, हेही नियंत्रकाने सांगितलं. पण कझाक विमानात मनोऱ्याशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा आणि सुकाणू हाती असलेले वेगळे. कानाने घेतलेला आकडा हातापर्यंत पोचला नाही. विमान 15,000 च्या खाली गेलं, दोन्ही विमानं आदळली, 349 माणसं गेली. त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले. पुढे 2003 साली वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजी बोलण्या-ऐकण्याच्या सहा पायऱ्या ठरल्या आणि नंतर किमान चौथी पायरी सक्तीची झाली.

एवढं करूनही एक जागा मोकळी आहे. परत म्हटलेला निरोप बरोबर असेल तर नियंत्रक बहुधा काहीच बोलत नाही, कारण वाहिनीवर दहा विमानं खोळंबलेली असतात. मौन म्हणजे संमती, हा आपला जुना न्याय तिथे रोज चालतो. सुबांगलाही मनोरा गप्पच होता. ती गप्प बसण्याची संमती होती की ऐकायचं राहून गेलेलं होतं, हे कॉकपिटमधल्या चौघांना कळायला मार्ग नव्हता. म्हणून या धंद्यात रीडबॅकचा जोडीदार म्हणून आणखी एक शब्द आला, 'हिअरबॅक': आपणच दिलेला हुकूम दुसऱ्याच्या तोंडून परत येताना पहिल्यांदाच ऐकतोय असा ऐकायचा. रॉजरच्या कुळातलं हे शेंडेफळ, आणि याला उच्चार नाही.