दहा रेषांची लढाई

व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात बीटामॅक्सचं चित्र सरस होतं, तरीही व्हीएचएसनं बाजी मारली, असं नेहमी सांगितलं जातं. सरस होतं खरं, पण किती?

सोनीनं १९७५ मध्ये जपानात बीटामॅक्स आणली. पुढच्याच वर्षी जेव्हीसीची व्हीएचएस आली. दोन्हींची फीत अर्ध्या इंचाची, आणि गरगरत्या ड्रमवरच्या हेडनी तिच्यावर तिरप्या रेघांत चित्र नोंदवायची युक्तीही तीच. पडद्यावर शेजारी शेजारी किती उभ्या रेषा सुट्या दिसतात, यावर चित्राचा रेखीवपणा मोजत. बीटामॅक्सच्या सुमारे २५०, व्हीएचएसच्या २४०. दहा रेषांचा हा फरक तेव्हाच्या टीव्हीवर कितीजणांना जाणवला असेल, शंकाच आहे. वेळेतला फरक मात्र कुणालाही कळण्यासारखा होता. बीटाची कॅसेट एका तासात संपायची, व्हीएचएस दोन तास चालायची. सोनीनं मग फितीची गती निम्मी केली. वेळ दुप्पट झाला, पण चित्रातली ती आघाडीही गेली. १९७७ मध्ये आरसीए कंपनीनं अमेरिकेत चार तासांचा व्हीएचएस रेकॉर्डर विकायला काढला. अमेरिकन फुटबॉलचा अख्खा सामना त्यात मावायचा.

१९७८ ची लेझरडिस्क या दोघींपेक्षा कितीतरी सरस, चारशेच्या वर रेषांची. पण तिच्यावर घरी रेकॉर्डिंग करता येत नसे आणि किंमतही भारी.

आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर. तो रात्रीपुरता भाड्यानं आणायचा आणि उजाडेपर्यंत तीन सिनेमे उरकायचे. कॅसेट बहुधा कॉपीची कॉपी असायची. दर कॉपीला रंग विटत आणि मुंग्या वाढत, पण तक्रार कोण करणार!

१९९३ ची व्हीसीडी डिजिटल होती, एवढ्यावरच तिचा भाव वधारला. प्रत्यक्षात तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे व्हीएचएसच्याच तोलाचं. मुंग्या गेल्या, पण मारामारी सुरू झाली की पडद्याचे चौकोन पडायचे. शिवाय हिंदी सिनेमाला दोन-तीन चकत्या लागत. डीव्हीडीनं ठिपके चौपट केले आणि २००६ च्या ब्लू-रेनं डीव्हीडीच्याही पाचपट. तरी पुढच्याच वर्षी मोझर बेअर कंपनीनं भारतात व्हीसीडी काढली ती २८ रुपयांत! चित्रापेक्षा वेळ आणि पैसा बघणाऱ्या गिऱ्हाइकाला कंपनीनं अचूक ओळखलं होतं.

जुने सिनेमे ब्लू-रेवर लखलखीत दिसतात, कारण त्यांची मूळ ३५ मिलिमीटरची फिल्म पुन्हा स्कॅन करता येते. घरच्या लग्नाच्या कॅसेटचं तसं नाही. तिच्यामागे निगेटिव्ह नसते. फितीवर आहे तेवढंच चित्र. महागडा फोर-के टीव्ही त्यात नवा तपशील भरू शकत नाही, उलट मोठ्या पडद्यावर दोष जास्त दिसतात. दमट हवेत फितीला बुरशी लागते, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हा माळ्यावर कॅसेटा असतील, तर चालता व्हीसीआर मिळतोय तोवर त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.