कांताबाई सातारकर
सातारकर, कांताबाई : (१९३९ – २५ मे २०२१). तमाशा कलावंत व फडमालकीण (तमाशामंडळाच्या मालक).

जन्म गुजरातमधील डभोई येथे, दगडखाणीत काम करणाऱ्या कुटुंबात. बालपण व कलेची सुरुवात साताऱ्यात. पुढे तुकाराम खेडकर यांच्या फडात त्या प्रमुख स्त्रीकलावंत झाल्या. खेडकरांशी त्यांचा विवाह झाला. खेडकरांच्या निधनानंतर कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला (पहा : तमाशा, फड). हाच त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय.

गण, गौळण, बतावणी व वग (कथानाट्य) हा तमाशाचा ठरलेला क्रम. नायिकेने चरणाचा शेवट ओढला की मागचे झीलकरी (साथीचे गायक) तोच सूर धरून उंचावतात; ढोलकी, हलगी, तुणतुणे व झांज यांची साथ असते (पहा : लावणी, वग). वगाची निवड, भूमिकांची वाटणी, तालीम, दसऱ्यानंतरचा दौरा, नारायणगावच्या राहुट्यांवर (फडांच्या तात्पुरत्या तंबूंत) यात्रांच्या सुपाऱ्या (कार्यक्रमांचे करार) ठरवणे, ही सगळी कामे फडमालकाकडे असतात; फडमालकीण म्हणून ती कांताबाईंकडे आली. संहिता बहुधा तोंडी असल्याने दिग्दर्शन वेगळे उरत नाही, तालमीतच मुरते. अशा दिग्दर्शनाची नोंद क्वचितच होते, ही या क्षेत्राच्या अभ्यासातील मोठी उणीव आहे. फड चालवण्याबरोबरच कांताबाईंनी पुरुषभूमिकाही केल्या. त्यांत छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका विशेष गाजली.

महाराष्ट्र शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना लाभला (पहा : नारायणगावकर, विठाबाई). पुत्र रघुवीर खेडकर यांनी फडाची परंपरा पुढे चालवली. निधन संगमनेर येथे.