फुलदाणी उचलली की दिवा विझे

जुन्या घराचे जतन करताना भिंती, दारे, कपाटे बहुधा जागेवर सापडतात. हरवतात ते दिवे. तेल, गॅस, वीज असे तंत्र बदलत गेले की आधीचे दिवे अडगळीत जातात. मग ते पुन्हा घडवायचे कशाच्या आधारावर?

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थंबरलंडमध्ये, विल्यम आर्मस्ट्राँग या कारखानदाराचे क्रॅगसाइड नावाचे घर आहे. १८८० साली तेथे जोसेफ स्वॉन यांचे कार्बन-तंतूचे दिवे लागले. घरापासून १,५०० यार्डांवर, म्हणजे सुमारे १,३७० मीटरवर, ओढ्याच्या पाण्यावर ६ अश्वशक्तीचे टर्बाइन फिरे आणि त्यावर जनित्र चाले. आर्मस्ट्राँग यांनी जानेवारी १८८१ मध्ये 'द एंजिनिअर' या नियतकालिकाला पत्र लिहून ही सारी व्यवस्था सांगितली. हरवलेला दिवा शोधणाऱ्याला असे पत्र म्हणजे मोठा ठेवाच!

त्यातले ग्रंथालयाचे वर्णन पाहा. मीनाकाम केलेल्या तांब्याच्या फुलदाण्यांवर दिवे बसवलेले होते. तांबे वाहक असल्याने फुलदाणीच परतीच्या तारेचे काम करी. आत येणारा प्रवाह बैठकीतल्या पाऱ्याच्या छोट्या वाटीत येई. फुलदाणीच्या तळातून बाहेर आलेले तारेचे उघडे टोक त्या पाऱ्यात बुडे. फुलदाणी उचलली की मंडल तुटे आणि दिवा विझे. परत ठेवली की लागे. भिंतीवरच्या बटणाची सवय तेव्हा रुळायची होती.

आता थोडे गणित करू. प्रत्येक दिव्याचा प्रकाश २५ मेणबत्त्यांइतका सांगितला आहे. म्हणजे सुमारे ३१४ ल्युमेन. आज तेवढा प्रकाश ३-४ वॉटचा एलईडी देतो. एका वेळी जास्तीत जास्त ३७ दिवे लागत. ६ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ४,५०० वॉट. वाटेतला ऱ्हास सोडून दिला तरी एका दिव्याच्या वाट्याला १२० वॉटच्या आसपास शक्ती येई. यातली बहुतेक उष्णतेतच जाई.

म्हणून नुसता आकार हुबेहूब साधून भागत नाही. आत पांढराशुभ्र, प्रखर दिवा बसवला तर १८८१ ची खोली दिसणारच नाही. उलट सगळेच जुने करावे म्हटले, तर उघडा पारा आणि वीज वाहणारी फुलदाणी प्रेक्षकांपुढे ठेवावी लागेल. पाऱ्याची वाफ विषारी असते. तेव्हा कुठेतरी तडजोड आलीच. ती करण्यात गैर काही नाही. ती लपवण्यात आहे. रूप जुने कोणते आणि जोडणी नवी कोणती, हे शेजारच्या पाटीवर लिहिले पाहिजे. नाहीतर पाहणारा आपल्या काळातली वस्तू इतिहास समजून घरी जाईल.

तुमच्या गावातल्या जुन्या वाड्यात किंवा शाळेच्या इमारतीत मुलांना न्या. तुळईतल्या कड्या, दिवळीतली काजळी, भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या त्यांना शोधू द्या. येथे कोणता दिवा असेल, असे विचारा. आणि उत्तर आले की लगेच दुसरा प्रश्न विचारा: कशावरून?