पहारेकरीच झोपला तर?

मागे एका शनिवारी आमच्या मशीन्सचं कर्नल अपडेट झालं आणि कंटेनरांवर पहारा देणारा फाल्को गप्प झाला. अलर्ट नाहीत म्हणून आम्ही खूश! सोमवारी कळलं, नव्या कर्नलला जुळणारा त्याचा ड्रायव्हरच मिळाला नव्हता. त्या वैतागात इतिहास वाचून काढला.

फाल्को सिसडिगने २०१६ मध्ये आणला. संस्थापक लोरिस देजोआनी मूळचे विनपकॅपवाले, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट पकडणारे. इथे पॅकेटऐवजी सिस्टिम कॉल पकडायचे. कंटेनर शंभर असले तरी मशीनवर कर्नल एकच. फाइल उघडा नाहीतर शेल चालवा, वाट तिथूनच. पण त्यासाठी कर्नलमध्ये शिरावं लागतं, आणि दर कर्नलला वेगळा ड्रायव्हर. एका रिलीजमागे हजारो बिल्ड!

२०१८ मध्ये प्रकल्प सीएनसीएफकडे गेला, २०२४ मध्ये ग्रॅज्युएटही झाला. ते असो. माझ्या मते खरी सुटका २०२३ च्या ०.३४ ने केली. साधारण ५.८ पासूनच्या कर्नलशी स्वतःच जुळवून घेणारा ईबीपीएफ प्रोब फाल्कोच्या बायनरीतच आला.

आमची मशीन्स ५.४ वर :( अपग्रेडचं तिकीट टाकलं, आणि दर तासाला कंटेनरमध्ये मुद्दाम शॅडो फाइल वाचणारा क्रॉन जॉबही लावला. त्याचा अलर्ट आला नाही, की माझा फोन वाजतो.