कांदा सडवणारा जंतू आणि हृदयाची झडप

वैजापूर-कन्नडकडचा शेतकरी चाळीतला कांदा निवडताना सडका, आंबूस वासाचा कांदा आधी बाजूला काढतो. कांदा असा सडवणारा एक जंतू अमेरिकेतल्या वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० साली नोंदवला. लॅटिनमधल्या कांद्याच्या नावावरून त्याला ‘सेपेशिया’ म्हणतात. धडधाकट माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. मग माणसाच्या हृदयाशी त्याची गाठ पडली कशी?

त्यासाठी थोडे मागे जाऊ. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात घाण साचते. १९४३ साली, हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, डॉ. विलेम कोल्फ यांनी रक्त गाळणारे यंत्र रोग्यावर चालवले. पण दर खेपेला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. वाहिन्या संपल्या की उपचार संपला. १९६० साली सिअॅटलच्या डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी बसवली, आणि रोगी वर्षानुवर्षे जगू लागले. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हाताची धमनी आणि शीर जोडून केलेला ‘फिस्टुला’ जगापुढे मांडला. त्यात नळीच नको! पण फिस्टुला तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर पुष्कळदा मानेतून नळी घालतात. तिचे टोक थेट हृदयापाशी असते.

नळी म्हणजे घराला पाडलेले नवे दार. त्यातून बहुधा कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस शिरतो. क्वचित आपला कांद्याचा जंतूही. तो ओलाव्यात राहतो, काही जंतुनाशक द्रवांतही तग धरतो. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावे तसा नळीत थर धरतो आणि रक्तातून झडपेवर जाऊन बसतो. झडपेच्या या रोगाचे सविस्तर वर्णन विल्यम ऑस्लर यांनी १८८५ सालीच केले होते. तेव्हा औषध नव्हते. आज आहे, पण हा जंतू नेहमीच्या कित्येक औषधांना दाद देत नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. अशा मोठ्या दवाखान्यांत डायलिसिस करून माणूस एस.टी.ने गावी परततो. रात्री हुडहुडी भरते, आणि ‘थकवा असेल’ म्हणून दुकानातल्या गोळीवर भागवले जाते. घात होतो तो इथे. नळी असलेल्याला थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कोणता जंतू आहे, हे रक्त तपासूनच कळते. नळीवरची पट्टी भिजू देऊ नका. आणि ‘माझा फिस्टुला केव्हा करणार?’ हे डॉक्टरांना आपणहून विचारा.